घाबरण्याचे हप्ते

मार्च संपत आला होता. बारावीचा शेवटचा पेपर होऊन आठ-दहा दिवस झालेले, सीईटीला जेमतेम महिना उरलेला. कराडला बहिणीकडे गेलो तर भाची दिवाणावर मांडी घालून बसलेली, मांडीवर फिजिक्सचं पुस्तक, आणि ते पुस्तक हळद लागल्यासारखं पिवळंधमक. सुरुवातीच्या प्रकरणांत तिने महत्त्वाची वाक्यं हायलायटरने रंगवली होती. सातव्या-आठव्या प्रकरणापर्यंत येता येता न रंगवलेलं वाक्य शोधावं लागत होतं.

"कितव्यांदा वाचतेयस?"

"चौथ्यांदा. मामा, वाचताना सगळं येतं. पेपर समोर आला की डोकं कोरं."

मी पुस्तक मागून घेतलं, मिटलं आणि विचारलं, "सेलचा ईएमएफ मोजायला व्होल्टमीटरपेक्षा पोटेन्शिओमीटर चांगला, असं का म्हणतात?" ती लगेच म्हणाली, "थांब, माहितीये. डाव्या पानावर, आकृतीच्या खाली, तीन ओळींचं आहे." डोळे मिटून तिने हवेत बोटाने त्या तीन ओळींची जागाही दाखवली. जागा अचूक होती. पण त्या ओळींत काय होतं, ते काही तिला सांगता येईना. तुल्यबिंदू सापडला की पोटेन्शिओमीटर सेलमधून वीजप्रवाहच ओढत नाही, म्हणून खरा ईएमएफ मिळतो, एवढीच गोष्ट. चार वेळा वाचलेली, रंगवलेली आणि तरी हाती न लागलेली.

प्रवेश परीक्षेच्या ताणाबद्दल बोलताना आपण बहुधा भलत्या टोकाकडून सुरुवात करतो. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, संगीत ऐका. यात वाईट काही नाही, पण माझ्या भाचीचा प्रश्न श्वासाचा नव्हता. तिला जी भीती वाटत होती ती बऱ्याच अंशी रास्त होती. आतून तिला कळत होतं की आपल्याजवळ जे आहे असं वाटतं ते आपल्याजवळ नाही. अशा भीतीला गोंजारून भागत नाही, तिचं कारण शोधावं लागतं. आणि कारण तिच्या मांडीवरच होतं.

ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसटीत शेजारी बसलेला माणूस कुठेतरी पाहिलाय हे लगेच कळतं, नाव मात्र उतरायचा थांबा आला तरी आठवत नाही. पुस्तक चौथ्यांदा वाचताना वाक्यं ओळखीची झालेली असतात, म्हणून ती येतात असं वाटतं. परीक्षेत मात्र ओळख दाखवणारं पान समोर नसतं.

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी यावर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते, एक सूर्यावरचा आणि एक समुद्रातल्या पाणमांजरांवरचा. काहींनी आपला उतारा चार पाळ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो पहिल्या पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे जिंकले: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१.

या प्रयोगातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आकड्यांच्या बाजूला आहे. अभ्यास संपल्यावर विद्यार्थ्यांना विचारलं होतं, आठवड्यानंतर तुम्हाला कितपत आठवेल? जास्त खात्री वाटत होती ती चार वेळा वाचणाऱ्यांना. म्हणजे जी पद्धत दगा देणार होती तीच जास्त धीर देत होती. कोऱ्या कागदासमोर बसलेल्यांना मात्र आपल्याला किती येत नाही हे पाळीगणिक दिसत होतं, आणि त्यांचा जीव थोडा खाली-वर होत असणार. पण त्यांना घाबरायला वेळ होता. पहिल्यांची घाबरण्याची वेळ पुढे ढकलली गेली होती, एवढंच.

भीती एकरकमी फेडायला गेलं की जड जाते. हप्त्याहप्त्याने फेडली तर झेपते, आणि मुख्य म्हणजे हप्ते घरी बसून भरता येतात.

भाचीचा हायलायटर मी जप्त केला नाही. मामाने ऐन मार्चात असले उद्योग करू नयेत. फक्त पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणून दिला आणि सांगितलं, एक मुद्दा वाच, पुस्तक मीट, आठवेल ते लिही, मग उघडून बघ. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. एका प्रकरणाला दुपार गेली. "असं केलं तर पोर्शन कधी संपणार?" हा तिचा सवाल बिनतोड होता. पण चार वेळा संपलेला पोर्शन संपलाच नव्हता, हे तिलाही दिसत होतं.

गणिताची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पुन्हा पुन्हा वाचणारा कोणी नसतो. मुलं उदाहरणं सोडवतात. पण कशी? प्रकरणाप्रमाणे. सरळ रेषेची वीस, मग वर्तुळाची वीस, मग संभाव्यतेची. तिसऱ्या उदाहरणापासून हात आपोआप चालतो, कारण कोणतं सूत्र लावायचं हे प्रकरणाच्या नावानेच सांगितलेलं असतं. डग रोरर आणि केली टेलर यांचा २००७ सालचा प्रयोग नेमका याच सवयीवर आहे. कॉलेजच्या मुलांना चार चमत्कारिक घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. एका गटाला एका प्रकारची सगळी उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावात सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, मिसळवाले ६३ वर राहिले. सूत्र कोणतं हे ओळखण्याचा सराव पहिल्यांनी केलाच नव्हता, आणि परीक्षेत निम्मं काम तेच असतं.

इथे आईवडिलांच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द. आज ज्यांची मुलं सीईटीला बसताहेत त्यांच्यापैकी अनेकांच्या मनातली परीक्षा अजून बोर्डाची आहे. पाठांतर चोख हवं, अक्षर सुवाच्य हवं, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, पुरवणी घेतली की परीक्षकावर छाप पडते. आता महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते (२०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं ती जेईई मेनच्या आणि बारावीच्या गुणांवर लागत होती, मग सीईटी परतली). बारावीत ठरावीक टक्के मिळवून पात्र व्हावं लागतं, खुल्या गटाला फिजिक्स, गणित आणि तिसरा विषय मिळून ४५, राखीव गटाला ४०. मेडिकलचा रस्ता तर २०१७ पासून नीटवरूनच जातो. तेव्हा बाबा जेव्हा प्रेमाने म्हणतात, "मी तर रात्र रात्र जागून सगळं तोंडपाठ करायचो," तेव्हा ते एका वेगळ्या खेळाचे नियम सांगत असतात.

नवा खेळ आकड्यांचा आहे, आणि हे आकडे कागदावर मांडले की निम्मा बागुलबुवा तिथेच बसतो. एमएचटी-सीईटीचा पीसीएम गटाचा पेपर १५० प्रश्नांचा, २०० गुणांचा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ ९० मिनिटं. ती ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि गणिताचा उघडतो: ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुन्हा ९० मिनिटं. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. साधारण ८० टक्के भर बारावीवर, २० टक्के अकरावीच्या निवडक प्रकरणांवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भागाकार करून पाहिला तर पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, गणितात १०८.

५४ सेकंद म्हणजे किती, हे घड्याळाशिवाय कळत नाही. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून भाचीने पहिला पूर्ण सराव पेपर दिला. टीव्ही बंद, फोन फ्रिजवर, आईला सक्त ताकीद की मध्ये चहा विचारायचा नाही. अकराव्या प्रश्नावर ती अडली. येत होतं, पण आकडेमोड जुळेना. मी पलीकडच्या खोलीतून पाहत होतो. सहा मिनिटं ती तिथेच. सहा मिनिटं म्हणजे जवळपास सात प्रश्नांचा वेळ, एका गुणासाठी. मग तिला ते जाणवलं आणि हात थरथरायला लागले. पुढचे प्रश्न तिने असे सोडवले जसं कुणीतरी मागे लागलंय.

हात थरथरले की डोक्यात काय होतं? आकडेमोड करताना मधले आकडे तात्पुरते धरून ठेवायला मेंदूकडे फार थोडी जागा असते. "आता वेळ पुरणार नाही, आई काय म्हणेल, मैत्रिणीचं झालं असेल" ही बडबड त्याच जागेत येऊन बसते. येणारं उदाहरण चुकतं ते यामुळे. बुद्धी तेवढ्यात कमी झालेली नसते.

पेपर संपल्यावर बेरीज केली. फिजिक्स-केमिस्ट्रीत ५८ बरोबर, गणितात २१. एकूण गुण १००. ती उशीत तोंड खुपसून पडली. संध्याकाळी आम्ही राहिलेले ७१ प्रश्न घेऊन बसलो आणि प्रत्येकासमोर चारपैकी एक कारण लिहायचं ठरवलं. ३१ प्रश्नांसमोर आलं "येतच नव्हतं". १७ समोर "तिथपर्यंत पोचलेच नाही". १४ समोर "घाई". ९ समोर "प्रश्न नीट वाचला नाही". यातल्या चारांमध्ये प्रश्नात 'चुकीचं विधान ओळखा' असं होतं आणि तिने बरोबर विधान ओळखलं होतं.

म्हणजे ७१ पैकी ४० प्रश्न अभ्यास कमी पडल्याने गेलेले नव्हते. त्या दुपारी तिच्या मनात एकच ढीग होता आणि त्यावर पाटी होती: मला काही येत नाही. आता चार ढीग झाले, आणि त्यातले तीन अभ्यासाची एक ओळही न वाढवता कमी करता येण्यासारखे होते. पुढच्या रविवारपासून नियम ठरला. पहिल्या फेरीत एका मिनिटाहून जास्त अडलं की खूण करून पुढे जायचं. परत यायला वेळ उरतो. नाही उरला तरी सात प्रश्नांचं दुकान एका गिऱ्हाईकासाठी बंद ठेवायचं नाही.

आणखी एक गंमत त्या यादीत दडलेली होती. "येतच नव्हतं" पैकी सहा प्रश्न तिने वाचून कोरे सोडले होते. का? "निगेटिव्ह मार्किंग." सीईटीत ते नाहीच. क्लासमध्ये दोन वर्षं जेईईचे पेपर सोडवून तिला ती सवय जडली होती. सीईटीत कोरा प्रश्न म्हणजे रस्त्यात पडलेलं नाणं न उचलणं. आणि जेईई-नीटमध्ये तरी ही भीती कितपत खरी? तिथल्या पर्यायी प्रश्नांना बरोबर उत्तराचे ४ मिळतात, चुकीचा १ जातो. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरी एक बरोबर येईल: ४ मिळाले, ३ गेले, एक गुण शिल्लक. म्हणजे आंधळा अंदाजही सरासरीने तोट्यात नाही, मात्र नशीब वाईट असेल त्या दिवशी फटका बसू शकतो. चारपैकी एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तीन प्रश्नांमागे २ गुण, दोन खोडता आले तर दोन प्रश्नांमागे ३ गुण. तेव्हा दोन पर्यायांत अडकून प्रश्न सोडून देणारा मुलगा सावधगिरीने नुकसान करून घेत असतो. मला तर वाटतं, निगेटिव्ह मार्किंग गुण कापतं त्याहून जास्त धीर कापतं.

पर्सेंटाइल या शब्दानेही असाच उच्छाद मांडलाय. पर्सेंटेज आणि पर्सेंटाइल यांत गल्लत झाली की निकालाच्या दिवशी घरात रडारड होते किंवा पेढे वाटले जातात, आणि दोन्ही चुकीच्या कारणाने. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर शंभरांपैकी ८० जणांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, आणि तुलना त्या त्या सत्रातल्या मुलांशीच होते. प्रत्येक सत्रात सर्वांत वर असणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळतात. म्हणून "आमची शिफ्ट अवघड होती, आमचं वाटोळं झालं" या गेटवरच्या विलापात फारसा दम नसतो. शिफ्ट अवघड होती तर शेजारच्यालाही होती.

आणि मधल्या मुलांसाठी एक चांगली बातमी, जी क्लासच्या जाहिरातीत कधी येत नाही. गुणांच्या उतरंडीत गर्दी मध्यावर असते. तिथे पाच-दहा गुण वाढले की खूप मुलं मागे पडतात आणि पर्सेंटाइल उडी मारतो. अगदी टोकाला माणसं विरळ असतात, तिथे तेवढ्याच गुणांनी आकडा जेमतेम हलतो. ९८ वरून ९९ ला जायला जीव काढावा लागतो. साठ-सत्तरच्या आसपास असणाऱ्याला 'घाई' आणि 'वाचलं नाही' हे दोन ढीग उपसले तरी पुष्कळ पुढे जाता येतं. फलकावर मात्र फोटो फक्त टोकाच्यांचे लागतात, आणि मधला मुलगा आपली बरोबरी त्या फोटोंशी करत बसतो.

घरच्यांनी काय करावं? फार कमी. दर सराव पेपरनंतर "किती पडले?" हा पहिला प्रश्न नसावा. "कुठे अडलं?" विचारलं तर मूल उत्तर देतं, "किती?" विचारलं तर लपवायला शिकतं. नातेवाइकांचे फोन एकाने घ्यावेत. लातूरला किंवा कोट्याला गेलेल्या कुणाच्या तरी मुलाची कहाणी जेवताना सांगू नये. आणि मूल जेवेनासं झालं, रात्र रात्र झोपेना, जगण्यात राम नाही असं काही बोलू लागलं, तर तो परीक्षेचा ताण समजून दुर्लक्ष करू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते; डॉक्टरकडे जाण्यात तर कमीपणा मुळीच नाही. एका प्रवेशासाठी एवढं पणाला लावायचं नसतं.

शेवटच्या रात्री जागू नये, हे सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे; दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातल्या चिंता कागदावर लिहून काढल्या तर घाबरट मुलांचे गुण वाढतात, असा एक शोधनिबंध २०११ साली 'सायन्स'मध्ये आला आणि खूप गाजला. नंतर इतरांनी प्रयोग करून पाहिला तेव्हा मात्र तसाच परिणाम मिळाला नाही. मी तरी भाचीला वही दिली. लिहायला पैसे पडत नाहीत. जास्त उपयोगी पडली ती दुसरी एक गोष्ट. हार्वर्डमध्ये जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सराव परीक्षेआधी एवढंच सांगितलं की छातीत धडधड झाली तर घाबरू नका, ती कामाला मदतही करते. हा निबंध २०१० चा. हे ऐकलेल्यांना गणितात इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले. धडधड थांबवायची नव्हती, तिच्याशी भांडण थांबवायचं होतं. भाचीच्या बाबतीत हे काम चार रविवारांनी केलं. दर रविवारी साडेआठला पेपर, दर रविवारी हात थरथरायचे, आणि दर रविवारी पंधराव्या-विसाव्या प्रश्नापर्यंत थांबायचे.

परीक्षेच्या दिवशी केंद्र गावाबाहेर होतं. एप्रिलचं ऊन, गेटबाहेर झाडाखाली पालकांची गर्दी, कुणी जपमाळ घेऊन, कुणी जेवणाचा डबा घेऊन. तीन तासांनी ती बाहेर आली. बहिणीने तोंड उघडलं, मी खूण केली, तिने मिटलं. रसवंतीवर बसून भाचीने अर्धा ग्लास रस संपवला आणि मग आपणहून म्हणाली, "सुरुवातीला हात थरथरत होते."

"मग?"

"मग काय? नेहमीसारखेच. विसाव्या प्रश्नाला थांबले." आणि रसवाल्याकडे वळून, "काका, अजून एक. बर्फ कमी."